फोटोतून पुसलेलं धुराडं

रास अल खैमात शेती होते असं सांगितलं की पुण्याची माणसं हसतात. त्यांच्या लेखी दुबईकडचा मुलूख म्हणजे काचेच्या इमारती आणि उरलेली वाळू. माझ्या नणंदेने तर एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे वाळूत पेरतात काय गं, सिमेंट? नणंद ती, टोमणा मारल्याशिवाय घास गिळणार नाही. पण अगदीच चुकीचं बोलली नव्हती. आमच्या गावाला डोंगर फोडून सिमेंट करतात, आणि त्याच डोंगरांच्या अलीकडे, दिगदगाच्या बाजूला, खजुराचे मळे आहेत. लसूणघासाचे हिरवेगार वाफे आहेत, शेळ्या आहेत, पाटाच्या कडेने तुरा उभारून फिरणारा हुदहुद आहे. मी तिथे फोटो काढायला जायचे.

हा नाद मला पन्नाशी उलटल्यावर लागला. हे सिमेंटच्या कारखान्यात मेंटेनन्सला. सकाळी डबा घेऊन निघायचे ते अंधार पडल्यावर घरी, आणि भट्टीचं काही बिघडलं तर त्याचाही भरवसा नाही. लेक इथेच जन्मली, इथेच शाळा शिकली, मग पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेली ती तिथेच नोकरीला लागली. ती गेल्यावर कितीतरी महिने मला कळेचना की दुपारी चार वाजता करायचं काय. शाळेची बस यायची ती वेळ. हात आपोआप गॅसकडे जायचे, दूध तापवायला. चार मराठी माणसांत जावं म्हटलं तर मंडळं सगळी दुबई-शारजाला. तिकडे गणपती, तिकडे कोजागिरी, आणि आम्ही इकडे टोकाला. बिल्डिंगमध्ये मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, सगळी भली माणसं. लिफ्टमध्ये भेटली की छान हसायची. पण लिफ्ट ती, तिसऱ्या मजल्यावर थांबायचीच.

फार एकटं वाटायचं, सरळ सांगते. त्यात कुणाचा दोष नव्हता, म्हणजे भांडायचीही सोय नाही. भांडायला कुणी असलं तरी दिवस बरा जातो.

लेकीचं गाव पेनसिल्व्हेनियात. एका रविवारी तिने एक फोटो पाठवला. मक्याचं शेत, पांढरं रंगवलेलं कोठार, आणि रस्त्यावरून पाठमोरी चाललेली काळी घोडागाडी. खाली इंग्रजीत चार ओळी होत्या. इथे आमिश नावाचे लोक राहतात, शेती करतात, घरात वीज घेत नाहीत, मोटारी ठेवत नाहीत, आणि तोंडासमोर कॅमेरा धरलेला त्यांना आवडत नाही म्हणून तिने मागून फोटो काढला होता. मी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मला शेत दिसेना की घोडा दिसेना. मला एवढंच दिसत होतं की सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी एकटीच एका रस्त्याच्या कडेला उभी आहे. मी लिहिलं, जेवलीस का? तिने अंगठा पाठवला.

मग मीही पेटले. म्हटलं, तुझ्याकडे शेतं आहेत तर आमच्याकडे काय नुसते दगड आहेत? ह्यांचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता तो काढला. माझा उत्साह बघून ह्यांनी वाढदिवसाला लांब पल्ल्याची लेन्स आणली. किती दिरहॅम ते ऐकलं, मनातल्या मनात रुपये केले आणि आधी पाणी प्यायले. त्या कॅमेऱ्यावर ती लेन्स चढवली की नाकापेक्षा मोती जड अशी गत. पण सकाळी हे गेले की मी माझी छोटी गाडी काढायची आणि थेट मळा गाठायची.

मळ्याचा मालक अरब, कधीतरी चक्कर टाकायचा. राखणीला एक म्हातारा पठाण होता. पहिल्या दिवशी मी कुंपणाशी घुटमळले तर तोच पुढे आला आणि मला बाजी, म्हणजे ताई, म्हणून हाक मारून आत घेतलं. त्याने हिंदीत नियम सांगितला, की घराचा फोटो नाही, बायकांचा नाही, बाकी अल्लाने केलेलं सगळं आहेच. म्हणजे लेकीच्या गावचा आणि इथला कायदा एकच निघाला. मला बरंच वाटलं ते. माणसांचे फोटो काढायची मला हौस नव्हतीच. माणसं हवी होती ती फोटोत नको होती, घरात हवी होती.

त्या सकाळी मला फार आवडायच्या. खजुराच्या झावळ्यांतून ऊन तिरकं यायचं. तारेवर नीलपंख बसायचा, तो उडाला की पंखांतला निळा रंग असा काही उघडायचा की मी बटण दाबायचं विसरून जायची. मळ्याच्या टोकाला एक जुनं घाफचं झाड होतं. घाफ घाफ म्हणून इथले लोक ज्याचं कौतुक करतात ती आपली शमीच आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हापासून दसऱ्याला मी त्या झाडासमोर गाडी थांबवून मनातल्या मनात नमस्कार करायची. पंपाची फटफट आणि साळुंक्यांची कलकल, बाकी शांत. तिथे मला एकटं वाटायचं नाही असं नाही, पण तिथलं एकटेपण घरातल्यासारखं अंगावर यायचं नाही.

पीडा एकच होती. धुराडं.

कुठेही उभं राहा, कसाही कॅमेरा धरा, झावळ्यांच्या मागे ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं धुराडं हजर. ह्यांच्याच कारखान्याचं. त्याच्यावर आमचं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, सगळं मान्य. पण फोटोत ते आलं की भातात केस निघाल्यासारखं वाटायचं. आधी मी त्याला झाडाआड लपवायची. त्यासाठी वाफ्यात उकिडवी बसायची, एकदा तर चक्क पाटाच्या कडेला आडवी झाले आणि साडी नाही नेसले म्हणून देवाचे आभार मानले. पुढे फोनमध्ये ती सोय आली. कॅमेऱ्यातला फोटो फोनवर घ्यायचा, नको असेल त्यावर बोट घासायचं, की गायब. धुराडं खलास. मागे नितळ आभाळ, जसं काही तिथे कुणी कधी वीटसुद्धा ठेवली नाही. ह्यांनी एकदा माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. म्हणाले, माझी नोकरीच पुसलीस की. मी म्हटलं, दुरून डोंगर साजरे म्हणतात, तुमचं धुराडं तेवढंही होऊ देत नाही. ते हसले आणि जेवायला बसले.

लेक लिहायची, नाइस, आई. कधी लिहायची, सो पीसफुल. माझी कॉलर ताठ.

मग ह्यांची साठी आली. कंपनीने सांगितलं, हे वर्ष शेवटचं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांचं तेच होतं. इथे तीन वर्षं राहा की तीस, नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की कंपनीचं घर. पुण्यातला फ्लॅट केव्हाचा घेऊन ठेवला होता. पण मुलीचं काय? तिचा व्हिसा ह्यांच्या नावावर होता, तो ती बाहेर राहिल्यामुळे आधीच गेला होता. म्हणजे जिचा जन्म इथल्या हॉस्पिटलातला, जिला पुणं म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी एवढंच माहीत, तिने आता इथे यायचं तर पर्यटक म्हणून यायचं. आणि येऊन उतरायचं कुठे? हॉटेलात?

मला एकच गोष्ट हवी होती. घर मोडायच्या आत तिने एकदा यावं. आपल्या खोलीत झोपावं, सकाळी उशिरा उठावं, माझी बोलणी खावी, आणि दाराला कुलूप लावताना आम्ही तिघं असावं. बास. यापेक्षा जास्त मी देवाकडेही मागितलं नाही.

ती नाही म्हणाली. तिकडच्या व्हिसाची मुदत भरत आली होती. देशाबाहेर पडलं तर परत आत शिरताना नवा शिक्का लागणार, तो कधी मिळेल याची खात्री नाही, तेवढ्यात नोकरी जाईल. हे सगळं तिने इंग्रजीत सांगितलं, शांतपणे, एखाद्या क्लायंटला समजावून सांगावं तसं. मी म्हटलं, हो गं, बरोबर आहे, नोकरी आधी. फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. दूध उतू चाललेलं डोळ्यांना दिसत होतं, पण गॅस बंद करायचं सुचलं नाही.

पण मी हार मानणाऱ्यातली नाही. म्हटलं, बुद्धीने नाही म्हणते आहे, जिवाला ओढ लागली की येईल. मग रोज एक फोटो. ती रात्री झोपायच्या वेळी तिला मिळावा असा, आमच्या सकाळी. दवाने भिजलेला लसूणघास, नीलपंख, पहाटेच्या धुक्यात अर्धे बुडालेले खजूर. एकेका फोटोवर मी तास तास बसायची. तारा पुसल्या, पाण्याच्या टाक्या पुसल्या, धुराडं तर पहिलं. असलं सुंदर गाव सोडून कुणाला राहवेल? आधी तिकडून बदाम यायचा, मग अंगठा. मग काही दिवस काहीच नाही.

रविवारी मी फोन लावला आणि तोंड सोडलं. म्हटलं, आई उन्हातान्हात मरमर मरते आहे, तू ते फोटो उघडून तरी बघतेस का?

ती म्हणाली, "दे आर ब्यूटिफुल, आई. बट आय डोन्ट नो धिस प्लेस."

मी म्हटलं, अगं, दिगदगा! आपण पिकनिकला जायचो, तू शेळीच्या मागे धावलीस आणि पडलीस. तिला ते काही आठवत नव्हतं.

"व्हेअर इज द चिमनी?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी ऐटीत सांगितलं, पुसलं ते, मी पुसते सगळ्या फोटोंतून. तिने पुन्हा विचारलं, सगळ्यांतून? आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की मी खाली बसले.

तेव्हा मला गाडी आठवली. शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही बर दुबईला जायचो. देवळात दर्शन, मीना बाजारात कापडाची दुकानं, मग खाणं. परत निघेपर्यंत दिवस मावळायचा आणि ही मागच्या सीटवर आडवी होऊन झोपायची. वाटेतलं उम्म अल कुवेन मागे पडलं की रस्ता ओसाड, दोन्ही बाजूंना काही नाही. मग लांब, खूप लांब, धुराड्यावरचे लाल दिवे दिसायचे, लुकलुकणारे. हे बोलणारे नव्हेत, पण ते दिवे दिसले की दर वेळी तेच म्हणायचे.

"उठा. आलं घर."

ती उठायची नाही. पण झोपेत कूस बदलायची आणि चप्पल शोधायला पाय खाली सोडायची. मोठी झाल्यावर कानात गाणी घालून बसायची, आम्ही काही विचारलं तर ऐकू यायचं नाही. पण ते दिवे दिसले की एका कानातलं काढून ठेवायची, बाबांचं वाक्य ऐकण्यापुरतं. मी पुढे बसून आरशात बघायची आणि मला मजा वाटायची. त्यापलीकडे काही मनात आलं नाही.

घर म्हणून तिने काय धरावं? बिल्डिंगी आम्ही तीनदा बदलल्या. मैत्रिणी म्हणाव्या तर दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बापाची नोकरी सुटायची आणि ती मैत्रीण जायची. खाली बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, होता तिथे सलून आलं, सलूनच्या जागी फार्मसी. जागचं हललं नाही ते एक धुराडं. आणि तेवढंच नेमकं पुसून मी रोज रात्री तिला एक परकं गाव पाठवत होते, आणि म्हणत होते, ये, हे बघ तुझं घर. मला तेव्हा रडू नाही आलं, धडकी भरली. तिला एवढं एकटं वाटत असताना मी आणखी कुठे नेऊन सोडलं होतं तिला?

तिचा फोन झाला आणि मी जुने फोटो चाळले. कॅमेऱ्यातलं कार्ड मी दर वेळी रिकामं करायची, म्हणून पुसायच्या आधीचा एकही सापडेना. जिथे पुसलं नव्हतं तिथे मी इतक्या हुशारीने कोपरा साधला होता की धुराड्याचा मागमूस नाही. वर्षानुवर्षांचे फोटो, आणि त्यात आमचं गाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळ्यात गेले. तर म्हणतात ना, नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. हवेत अशी धूळ की धुराडंच दिसेना. जे कधी चुकलं नाही ते नेमकं त्या दिवशी गायब. पुढच्या संध्याकाळी तेच. मला रडू यायला लागलं, कारण ह्यांचे कामाचे दिवस संपत आले होते आणि घरातली खोकी दारापर्यंत आली होती. मग एका दुपारी वारा सुटला, आणि संध्याकाळी आभाळ घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख झालं. मी घाफच्या झाडाशी उभी राहिले. अजान झाली. आणि पट्ट्यांच्या टोकाला लाल दिवे लागले.

पठाण जवळ आला. रोज पक्षी टिपणारी बाई आज कारखान्याकडे तोंड करून का उभी, हे त्याला कळेना. त्याने विचारलं, तिकडे काय बघायचं आहे, ती तर फॅक्टरी आहे. मी हिंदीत सांगितलं, माझा माणूस आत आहे, त्याचे शेवटचे दिवस आहेत. शेवटचे दिवस म्हटल्यावर त्याने एकदम आकाशाकडे हात केले. मी घाईघाईने सांगितलं, नोकरीचे हो, नोकरीचे. तो हसला. मग पंपाच्या खोलीकडे गेला आणि तिथला मोठा दिवा त्याने बंद केला, माझ्या डोळ्यांवर येत होता तो.

त्या जड लेन्सने एकही फोटो धड आला नाही. शेवटी फोनवरच काढला. वाकडा आला, खाली खजुरांचा नुसता काळोख, मागे धुराडं आणि त्यावरचे दिवे. काहीही न पुसता तिथूनच पाठवला. तिच्याकडे सकाळ होती, ती ऑफिसात असणार. ती काहीतरी टाइप करते आहे असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. मी गाडीत बसून बघत राहिले. शेवटी दोनच शब्द आले, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. आलं घर.

हे घरी आल्यावर मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं आणि हात धुवायला आत गेले. हात धुवायला माणसाला किती वेळ लागावा?

ती आली नाही. गोष्टीत आली असती, खरं म्हणजे मीही शेवटच्या दिवसापर्यंत लिफ्टचा आवाज झाला की दाराकडे बघत होते. तिची खोली मी एकटीने आवरली. कुलूप आम्ही दोघांनीच लावलं. गाडी विकून टाकली होती, म्हणून कंपनीची गाडी आली, ड्रायव्हरसकट. दुपारचे चार वाजले होते. सामान पुढे आणि डिकीत, म्हणून आम्ही दोघं मागे बसलो, तिच्या जागेवर. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्याने मागे बसून कधी गेलेच नव्हते.

मागे वळलं की मागच्या काचेतून धुराडं दिसत होतं. राऊंडअबाउटला गाडी मंदावली तेव्हा ह्यांनी मान वळवली आणि हळूच म्हणाले, "येतो." घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे पोरीला मीच शिकवलं होतं. मला म्हणावंसं वाटलं, अहो, कुठे येतो, कुठल्या व्हिसावर येतो?

तेवढ्यात फोन वाजला. तिच्याकडे नुकतं उजाडलं असणार. तिने विचारलं होतं, निघालात का? मी लिहिलं, हो. गाडी हमरस्त्याला लागली, वळण आलं, मग पूल आला. डोंगर दिसेनासे झाले.

मग तिने विचारलं, "कॅन यू स्टिल सी इट?"

मी मागे वळून पाहिलं. मागे नुसता रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना वाळू.

मी लिहिलं, हो गं, दिसतंय अजून.